कॅसेटवरचे शूटिंग कॉम्प्युटरवर घेताना : मिक्सिंगच्या आधीची कामे

सातारा-सांगलीकडच्या घरांत साधारण १९९० ते २०१० या काळातले शूटिंग आजही कॅसेटवरच पडून आहे. लग्न, मुंज, शाळेचे गॅदरिंग, बावधनचे बगाड, तासगावचा रथ, पालच्या खंडोबाची यात्रा. ते कॉम्प्युटरवर घेऊन एडिट करायचे, म्हणजे आपल्याकडच्या शूटिंगवाल्यांच्या भाषेत मिक्सिंग करायचे, तर निम्मा निकाल मिक्सिंगला बसण्याआधीच लागलेला असतो. कॅसेटमधून फाईल कशी काढली, यावर. चुकीच्या वायरने किंवा चुकीच्या सेटिंगने काढलेली फाईल पुढे कितीही भारी सॉफ्टवेअरमध्ये घातली तरी सुधारत नाही. म्हणून इथे फक्त कॅसेट ते हार्ड डिस्क एवढ्याच वाटेविषयी लिहिले आहे.

या वाटेवर एकच नियम सगळीकडे लागू होतो : फाईल घेताना ती लहान करायची नाही. कॅसेटवर जे आहे ते जसेच्या तसे आधी उतरवून घ्यायचे. कापाकापी, रंग, आकार, व्हॉट्सॲपला पाठवण्याजोगी प्रत, हे सगळे नंतर.

कोणती कॅसेट आहे?

नेहमीच्या कॅसेटमध्ये मिनी डीव्ही सगळ्यांत लहान, जेमतेम साडेसहा सेंटिमीटर लांब. ही १९९५ मध्ये आली आणि हिच्यावरचे चित्र डिजिटल, म्हणजे आकड्यांत साठवलेले, असते. साडेनऊ सेंटिमीटरची कॅसेट दिसली तर मात्र नुसत्या आकारावर जाऊ नका. व्हिडिओ-८, हाय-८ आणि डिजिटल-८ या तिन्हींचा खोका एकसारखाच. पहिल्या दोन पद्धती ॲनालॉग आहेत, तिसरी डिजिटल. हाय-८ असे छापलेल्या कॅसेटवरही डिजिटल-८ शूटिंग असू शकते, कारण सोनीचे डिजिटल-८ कॅमेरे त्याच कॅसेट वापरत. खात्री करायची तर ज्या कॅमेऱ्याने शूट केले त्याच्यावरचा छापा बघा. डिजिटल-८ शूटिंग साध्या हाय-८ कॅमेऱ्यात लावले तर चित्र येणारच नाही. त्यावरून कॅसेट कोरी ठरवून ती पुसून टाकणारे लोक आहेत. उलट दिशेने मात्र सोय आहे : डिजिटल-८ चे बरेच कॅमेरे, सगळे नव्हेत, जुने हाय-८ शूटिंगही वाजवतात आणि वर ते डिजिटल करून बाहेर देतात. असा कॅमेरा नातेवाइकांत कुणाकडे असेल तर तो आधी मागून आणा.

मोठी काळी कॅसेट म्हणजे व्हीएचएस. तिचे लहान भावंड व्हीएचएस-सी एका ॲडॉप्टर खोक्यात बसवून साध्या व्हीसीआरमध्ये चालते.

लग्नाच्या मिनी डीव्ही कॅसेटमध्ये एक खोच आहे. सोनीच्या पीडी-१७० सारख्या व्यावसायिक कॅमेऱ्यावर डीव्हीकॅम पद्धतीने शूट केले असेल, तर टेप जास्त वेगाने फिरते आणि ६० मिनिटांच्या कॅसेटवर ४० मिनिटेच मावतात. हे शूटिंग घरगुती कॅमेऱ्यांपैकी काहींत वाजते, काहींत नाही. दुसरी खोच एलपी मोडची. ६० मिनिटांच्या कॅसेटवर ९० मिनिटे बसवण्यासाठी लोक एलपी लावत. त्यात टेपवरचे पट्टे इतके अरुंद पडतात की ज्या कॅमेऱ्यावर शूट केले त्याच्याखेरीज दुसऱ्यावर चित्र फुटते. तेव्हा जुना हँडीकॅम भंगारात देण्याआधी एलपीच्या कॅसेट बाजूला काढा.

कॅमेऱ्यात घालण्याआधी

पहिले काम अर्ध्या मिनिटाचे, पण सर्वांत महत्त्वाचे. मिनी डीव्हीच्या पाठीमागच्या कडेला छोटी सरकपट्टी असते, ती ‘सेव्ह’कडे सरकवा. हाय-८ लाही अशीच पट्टी असते. व्हीएचएसच्या पाठीच्या कडेवरचा प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा तोडून टाका. एवढे केल्यावर चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी शूटिंग पुसले जात नाही.

मग कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड उजेडात धरून बघा. कड गुळगुळीत आणि काळपट-तपकिरी दिसली तर ठीक. पांढरी भुकटी, ठिपके किंवा कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. महाबळेश्वर, जावळी, पाटण, कोयना या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली असते, तिथल्या कॅसेटला हे हमखास होते. बुरशीची कॅसेट कॅमेऱ्यात घालू नका. ती हेड (कॅमेऱ्यातला टेप वाचणारा भाग) घाण करते आणि त्यानंतर लावलेल्या प्रत्येक कॅसेटला लागते. अढीतल्या नासक्या आंब्यासारखीच ती वेगळी काढायची. साफसफाई हे खोके उघडून करायचे काम आहे, ते जाणकाराकडे द्या.

सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेल्या कॅसेट अजून कुठे कुठे जपून ठेवलेल्या आहेत. वरून वाळलेल्या दिसल्या तरी गुंडाळीच्या आत गाळाचे बारीक कण बसलेले असतात आणि ते टेपला आणि हेडला घासतात. ‘एकदा लावून तर बघू’ हा मोह टाळा. त्या एकाच फेरीत टेप खरवडली जाते. उन्हात वाळवणे आणि हेअर ड्रायर मारणे, दोन्हींनी टेप वाकते.

माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूला ओलाव्याचा त्रास कमी, पण धूळ जास्त. यात्रेत वापरलेल्या कॅमेऱ्यात त्याशिवाय गुलाल नाहीतर भंडारा गेलेला असतो. कॅसेटचे झाकण उघडून ब्लोअरच्या रबरी फुग्याने हलकी हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा टेपवर बसतो.

पाच-दहा वर्षे न हललेली कॅसेट थेट प्लेला लावू नये. आधी शेवटपर्यंत फॉरवर्ड आणि मग पूर्ण रिवाइंड करा. चिकटलेले वेढे सुटतात, टेपचा ताण सारखा होतो. थंड जागेतून उबदार, दमट खोलीत आणलेला कॅमेरा लगेच चालू करू नका; आतल्या ड्रमवर दव धरते आणि टेप त्याला चिकटते. कॅमेऱ्याने थेंबाची खूण दाखवली तर कॅसेट काढून झाकण उघडे ठेवा आणि तासभर थांबा.

कोणती वायर, कोणते भोक

मिनी डीव्ही आणि डिजिटल-८ कॅमेऱ्यावर बहुधा दोन छोटी भोके असतात. एक यूएसबीचे, एक डीव्हीचे. सोनी दुसऱ्याला ‘आय-लिंक’ म्हणते, बाकीचे ‘डीव्ही इन/आउट’ किंवा ‘१३९४’ लिहितात. तांत्रिक नाव फायरवायर. घरात यूएसबीची वायर असते, ती बसते, कॉम्प्युटर टिंग वाजवून प्रतिसादही देतो, आणि इथेच बहुतेकांची गाडी चुकीच्या फाट्याला लागते. मोजकी मॉडेल सोडली तर त्या यूएसबीतून मेमरी कार्डावरचे फोटो, नाहीतर वेबकॅमच्या दर्जाचे लहान, धूसर चित्र एवढेच येते. टेपवरचे मूळ चित्र फायरवायरनेच घ्यायचे.

फायरवायरला अनेक जण कॅप्चर म्हणतात, पण प्रत्यक्षात ती कॉपी आहे. टेपवर आकडेच लिहिलेले आहेत, ते तसेच्या तसे हार्ड डिस्कवर येतात. दर्जा कमी होण्याचा प्रश्नच येत नाही.

वायर घेताना टोके बघून घ्या. कॅमेऱ्याकडचे टोक ४ पिनांचे, छोटे. डेस्कटॉपच्या कार्डावर बहुधा ६ पिनांचे भोक असते, काही कार्डांवर आणि जुन्या लॅपटॉपवर ४ पिनांचे. नव्या फायरवायर-८०० ला ९ पिना. एका टोकाला फायरवायर आणि दुसऱ्याला यूएसबी अशी स्वस्त वायर ऑनलाइन मिळते. ती चालत नाही. दोन्ही पद्धतींची बोलण्याची रीतच वेगळी आहे, नुसती पिन बदलून भागत नाही. वायरची लांबी साडेचार मीटरच्या आतच ठेवा.

६ पिनांच्या टोकातून वीज येते. ते टोक उलटे दाबून बसवले, आणि जुन्या सैल झालेल्या भोकात ते बसतेही, तर कार्ड किंवा कॅमेऱ्याचे पोर्ट जळते. दोन्ही यंत्रे बंद ठेवून वायर लावा आणि आधी कार्डाची बाजू, मग कॅमेऱ्याची.

कॉम्प्युटरची तयारी

नव्या लॅपटॉपवर फायरवायर मिळत नाही. सोपी वाट म्हणजे घरातला किंवा ओळखीच्या दुकानातला जुना डेस्कटॉप. त्याच्या मागे ६ पिनांचे भोक आहे का बघा. नसेल तर कार्ड बसवता येते. मदरबोर्डवर लहान पीसीआय एक्सप्रेस स्लॉट असेल तर त्याचेच कार्ड घ्या. जुन्या रुंद पीसीआय स्लॉटचे कार्ड त्यात बसत नाही. व्हीआयए किंवा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेली कार्डे सहसा त्रास देत नाहीत. इथल्या दुकानात नसेल तर मागवून घ्या, किंवा पुण्याला कुणी जात असेल तर तपकीर गल्लीत विचारायला सांगा. कार्डावर जादा वीजजोडणीचे भोक असते. ४ पिनांच्या कॅमेऱ्याला वायरीतून वीज लागत नाही, त्यामुळे ते मोकळे राहिले तरी चालते.

विंडोज ७ पर्यंत बहुतेक वेळा कॅमेरा लावला की लगेच ओळखला जातो. विंडोज ८ आणि १० मध्ये फायरवायरचा जुना ड्रायव्हर मूळ सिस्टममध्ये नाही, आणि नव्या ड्रायव्हरवर कॅमेरा कधी दिसतो, कधी मध्येच गायब होतो. मायक्रोसॉफ्टने जुना ‘लेगसी’ ड्रायव्हर वेगळा उपलब्ध केला होता. तो इन्स्टॉल करा, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये १३९४ कंट्रोलरवर राइट क्लिक करून ड्रायव्हर अपडेट, ‘यादीतून निवडतो’ हा पर्याय, आणि यादीत ज्याच्या नावाच्या शेवटी लेगसी लिहिले आहे तो निवडा. नुसते इन्स्टॉल करून थांबलात तर विंडोजचा नवा ड्रायव्हरच चालू राहतो. यादीतून निवडणे ही पायरी बहुतेकांकडून सुटते.

हे सगळे नको असेल तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू पेन ड्राइव्हवरून चालू करा. त्यात फायरवायरचा ड्रायव्हर आधीच असतो आणि ‘डीव्हीग्रॅब’ नावाचे छोटे साधन हेच काम चोख करते, फक्त ते कमांड लिहून चालवावे लागते. जुना मॅक असेल तर तोही चालतो. मॅकओएस २६ पासून मात्र ॲपलने फायरवायरचा आधार काढून टाकला आहे, तेव्हा जुन्या मॅकला अपडेट देण्याआधी कॅसेट उरकून घ्या.

जागेचा हिशोब : डीव्ही सेकंदाला ३.६ एमबी खाते. मिनिटाला सुमारे २१६ एमबी, तासाला १३ जीबी. दहा कॅसेटला १३० जीबी, आणि एडिटिंगसाठी आणखी तेवढीच मोकळी धरा. हार्ड डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी. एफएटी-३२ असेल तर एका फाईलला ४ जीबीची मर्यादा आहे, म्हणजे १९-२० मिनिटांनी काम थांबते. ‘माझी कॅसेट दर वेळी वीस मिनिटांवरच अडकते’ या तक्रारीचे मूळ निम्म्या वेळा हेच.

सेकंदाला ३.६ एमबी हा वेग आजच्या कोणत्याही डिस्कला किरकोळ आहे. त्यामुळे कॉम्प्युटर दमदार नसला तरी चालतो. तो मध्येच दुसरीकडे बघायला लागला तर मात्र फ्रेम गळतात, कारण टेप काही थांबत नाही. स्लीप आणि स्क्रीनसेव्हर बंद, विंडोज अपडेट थांबवलेले, अँटिव्हायरसचा ठरलेला स्कॅन पुढे ढकललेला, ब्राउझर बंद. आणि लाईटचा विचार आधीच करा. मध्येच वीज गेली तर फाईल नीट बंद होत नाही, तिचा इंडेक्स लिहायचा राहतो आणि ती उघडत नाही. लॅपटॉप असेल तर बॅटरी आहेच. डेस्कटॉपला यूपीएस किंवा घरचा इन्व्हर्टर द्या. भारनियमनाची वेळ ठाऊक असेल तर कॅसेट त्याच्या अलीकडे संपेल असे बघा.

विनडीव्हीने फाईल घेणे

विंडोजवर विनडीव्ही हे मोफत आणि अगदी लहान सॉफ्टवेअर पुरेसे आहे. मोठ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमधूनही टेप घेता येते, पण ती घेता घेताच फाईल दुसऱ्या रूपात बदलतात की काय, हे नवशिक्याला कळत नाही. विनडीव्ही काहीच बदलत नाही, म्हणून तेच वापरा असा सल्ला.

१. कॅमेरा बॅटरीवर नको, अडॉप्टरवर लावा. मोड प्ले, व्हीसीआर किंवा व्हीटीआर. शूटिंगच्या मोडमध्ये ठेवलात तर टेपऐवजी लेन्ससमोरचे दृश्य येईल.

२. वायर जोडून कॅमेरा चालू करा, मग विनडीव्ही उघडा. वर कॅमेऱ्याचे नाव दिसले पाहिजे. न दिसल्यास सॉफ्टवेअर बंद, कॅमेरा बंद-चालू, पुन्हा उघडा. तरी नाही तर ड्रायव्हर तपासा.

३. कॉन्फिगमध्ये फाईलचा प्रकार टाइप-२ एव्हीआय ठेवा. टाइप-१ मध्ये चित्र-आवाज एकाच प्रवाहात असतात आणि काही एडिटरना त्यातला आवाज सापडत नाही.

४. ‘प्रत्येक कितवी फ्रेम’ इथे १. एका फाईलच्या कमाल फ्रेमसाठी १,००,००० लिहा. तासाच्या कॅसेटच्या ९०,००० होतात. एलपीच्या दीड तासाला १,३५,००० होतात, तिथे आकडा वाढवा.

५. ‘डिस्कंटिन्यूइटी थ्रेशोल्ड’ १ ठेवला तर कॅमेरा जिथे जिथे थांबवून पुन्हा सुरू केला होता, तिथे नवी फाईल पडते. टेपवर प्रत्येक फ्रेमबरोबर तारीख-वेळ नोंदलेली असते आणि विनडीव्ही तीच वाचून तुकडे पाडते. फाईलच्या नावातही ती येते. मिक्सिंगला हे फार सोयीचे पडते. अखंड एकच फाईल हवी असेल तर ० करा.

६. कॅसेट सुरुवातीला आणून पहिले दहा-पंधरा सेकंद कॅप्चर करून बघा. चित्र, आवाज दोन्ही आले की पुन्हा मागे नेऊन खरे काम सुरू करा. काही सेकंद आधीच कॅप्चर चालू ठेवा आणि मग प्ले दाबा.

तासाच्या कॅसेटला तासच लागतो. तेवढ्या वेळात कॉम्प्युटरवर दुसरे काहीही करू नका. संपल्यावर ‘ड्रॉप्ड’ फ्रेमचा आकडा बघा. तो शून्य हवा. एक-दोन गळाल्या असतील तर डोळ्याला कळणार नाहीत. शेकड्यांनी गळाल्या तर कॅसेट पुन्हा घ्या.

चित्रात चौकोन दिसतात, आवाज तुटतो

चित्रावर रंगीत चौकोन किंवा आडवे पट्टे आणि आवाजात टकटक हे मळलेल्या हेडचे लक्षण. मिनी डीव्हीची कोरडी क्लीनिंग कॅसेट लावून फक्त १० सेकंद चालवा. सलग मिनिटभर चालवू नका. ती कॅसेट म्हणजे बारीक पॉलिश पेपरच आहे, हेड झिजते. दोन-तीन वेळा करूनही फरक नाही तर दोष टेपमध्ये किंवा ट्रॅकिंगमध्ये आहे. कॅसेट दुसऱ्या कॅमेऱ्यात लावून बघा. एकाच टेपचे दोन कॅमेऱ्यांवर दोन निकाल येतात, हे या कामात नेहमीचे आहे. कानातल्या कापसाच्या काडीने हेड पुसायला जाऊ नका. कापसाचा तंतू हेडच्या फटीत अडकतो.

चौकोन दर वेळी त्याच सेकंदाला येत असतील तर टेपलाच तिथे मार बसलेला आहे. वेगवेगळ्या जागी येत असतील तर तोच भाग दोन-तीनदा घ्या आणि एडिटिंगमध्ये प्रत्येक फेरीतला चांगला तुकडा उचलून जोडा.

आवाज चित्राच्या पुढे-मागे जातो तेव्हा कॅमेऱ्याची ध्वनी-पद्धत तपासा. डीव्हीत आवाज १६ बिट ४८ किलोहर्ट्झ किंवा १२ बिट ३२ किलोहर्ट्झ असतो. एकाच कॅसेटवर अर्धे असे, अर्धे तसे असेल आणि सगळे एका फाईलमध्ये घेतले, तर बदल झाला तिथून आवाज सरकतो. तेवढ्या जागी फाईल तोडून दोन भाग वेगळे घ्या.

व्हीएचएस आणि हाय-८

ॲनालॉग कॅसेटचे चित्र कॉम्प्युटरला कळेल असे आकड्यांत बदलावे लागते, म्हणून इथे खरोखर कॅप्चर होते. त्यासाठी यूएसबी कॅप्चर डोंगल लागतो. एका टोकाला पिवळी, पांढरी आणि लाल पिन, शक्यतो सोबत एस-व्हिडिओचे गोल भोक. हाय-८ कॅमेऱ्यावर एस-व्हिडिओ असेल तर पिवळीऐवजी तेच वापरा. रंग आणि रेषा दोन्ही स्वच्छ येतात. साध्या व्हीएचएस डेकवर बहुधा पिवळीच मिळते. टीव्हीच्या अँटेनाची वायर मात्र या कामाला नको.

कॅमेऱ्याच्या बाजूला एकच छोटा जॅक आणि त्यातून तीन पिना अशी वायर असेल तर ती त्याच कॅमेऱ्याची हवी. कंपन्यांनी आतली जोडणी वेगवेगळी ठेवली आहे. दुसऱ्या वायरने चित्र न येता गुरगुर ऐकू आली तर पिवळीच्या जागी लाल किंवा पांढरी लावून बघा, चित्र त्यातून निघते.

व्हर्च्युअलडब-२ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. पद्धत पॅल-बी (आपल्याकडची टीव्हीची पद्धत), आकार ७२० बाय ५७६, वेग सेकंदाला २५ फ्रेम, रंग वाययूवाय-२, आवाज ४८ किलोहर्ट्झ १६ बिट. चित्र काळे-पांढरे येते किंवा सरकत राहते तेव्हा पद्धत एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्हीच्या पद्धतीवर, अडकलेली असते. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट खरोखरच एनटीएससीची असू शकते. तिला ती पद्धत वाजवणारा व्हीसीआर लागतो आणि तिथे आकार ७२० बाय ४८०, वेग २९.९७.

चित्र कॉम्प्रेस न करता घेतले तर तासाला सुमारे ७५ जीबी जागा जाईल. हफवाययूव्ही किंवा लॅगरिथ हे दर्जा न घालवता फाईल दाबणारे कोडेक लावले की साधारण निम्मी लागते. डोंगलसोबतच्या सीडीतले सॉफ्टवेअर थेट डीव्हीडीच्या एमपेग-२ मध्ये फाईल करते. बघायला ठीक, मिक्सिंगसाठी नको, कारण एडिट करून पुन्हा सेव्ह करताना चित्र दुसऱ्यांदा दाबले जाते.

व्हीएचएसच्या चित्राच्या अगदी तळाशी दोन-चार रेषा फाटलेल्या दिसतात. घाबरू नका, दोष नाही. जुन्या टीव्हीच्या काचेच्या कडेआड त्या लपून राहायच्या. एडिटिंगमध्ये काळ्या पट्टीने झाका. चित्राचा वरचा भाग मात्र झेंड्यासारखा वाकत असेल, किंवा कॅप्चर मध्येमध्ये फ्रेम गाळत असेल, तर टेपचा वेग डळमळतो आहे. त्यावर टाइम बेस करेक्टर हा इलाज, पण तो महाग आणि दुर्मीळ. जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये घालणे ही चालणारी युक्ती : व्हीसीआरची पिन रेकॉर्डरच्या इनमध्ये, त्याची आउट डोंगलमध्ये, रेकॉर्ड काहीच करायचे नाही. पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस१० यासाठी प्रसिद्ध आहे. पांढऱ्या आडव्या चरांवर आधी व्हीसीआरचे ट्रॅकिंगचे बटण हळूहळू फिरवून बघा.

टेप नसलेले कॅमेरे

मेमरी कार्डाचे किंवा हार्ड डिस्कचे एव्हीसीएचडी कॅमेरे (२००६ नंतरचे) सोपे आहेत, फक्त कॉपी-पेस्ट. पण आतल्या एमटीएस फाईल वेचून घेऊ नका. कार्डावरचे संपूर्ण फोल्डर जसेच्या तसे उचला, कारण लांब शूटिंगचे तुकडे कसे जोडायचे याची माहिती आजूबाजूच्या फाईलमध्ये असते. ८ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीचा कॅमेरा असेल तर डिस्क त्याच कॅमेऱ्यात आधी ‘फायनलाइज’ करा, नाहीतर कॉम्प्युटरला ती कोरी दिसते. आणि ती डिस्क आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका, अडकते. ट्रे बाहेर येणारा ड्राइव्ह हवा.

प्रोजेक्ट उघडताना

शॉटकट आणि केडेनलाइव्ह हे दोन्ही मोफत एडिटर डीव्ही फाईल थेट उघडतात. केडेनलाइव्हमध्ये ‘डीव्ही/डीव्हीडी पॅल’ हे प्रोफाइल निवडा. चित्राचे प्रमाण ४:३ ठेवा. ते १६:९ मध्ये ताणले की नवरा-नवरी दोघेही रुंद होतात. मोठ्या टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहिली तरी चालेल.

हलणाऱ्या गोष्टींच्या कडेला फणीसारख्या रेषा दिसतील. जुन्या पद्धतीत एक फ्रेम दोन अर्ध्या भागांची, त्यातला प्रत्येक भाग सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याने पुढचा. त्यामुळे कॉम्प्युटरवर दोन्ही एकदम दाखवले की कंगवा दिसतो. डीव्हीत खालचा भाग आधी येतो. डोंगलने घेतलेल्या ॲनालॉग फाईलमध्ये आणि एव्हीसीएचडीत बहुधा वरचा. हे सेटिंग उलटे पडले तर बगाडाचा गाडा दोन पावले पुढे, एक मागे असा उचक्या देत चालतो. मूळ फाईल तशीच ठेवा. डीइंटरलेस, म्हणजे हा कंगवा घालवणे, फक्त शेवटच्या प्रतीत करा आणि तेव्हा ५० फ्रेमचा पर्याय घ्या, म्हणजे झांजपथक आणि लेझीम सळसळीत दिसते. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी बीडब्ल्यूडीआयएफ हा फिल्टर लावून ‘बॉब’ निवडायचे.

नातेवाइकांना द्यायची प्रत एमपी-४, एच-२६४ मध्ये, ४ एमबीपीएसला (सेकंदाला ४ मेगाबिट) तासाची सुमारे १.८ जीबी होते. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली तर ती पुन्हा चेपली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तिथे मर्यादा २ जीबीची आहे.

हे काम दुकानात करून घेणार असाल तर ‘डीव्हीडी करून द्या’ असे सांगू नका. मिनी डीव्ही असेल तर ‘फायरवायरने घेतलेली डीव्ही एव्हीआय हार्ड डिस्कमध्ये द्या’ असे सांगा. तासाच्या कॅसेटची फाईल १३ जीबीच्या आसपास आहे की दोन-तीन जीबीची, एवढे काउंटरवरच उघडून बघितले की काम कसे झाले ते लगेच कळते. कॅसेट परत घ्यायला विसरू नका.

मूळ एव्हीआय दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. नदीकाठच्या पेठेत राहत असाल तर घरातली डिस्क तळमजल्यावर नको. पेन ड्राइव्हवर एकमेव प्रत ठेवणे धोक्याचे. फोल्डरला वर्ष, महिना, प्रसंग आणि गाव अशा क्रमाने नाव द्या, आणि तेच नाव कॅसेटच्या लेबलवर पेनाने लिहा. कॅसेट उभी ठेवा, पूर्ण रिवाइंड करून, डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून.